साळू, साळुंकी आणि सर्वप्राणी विद्यापीठ

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. खरं सांगायचं तर, मुलांनो, एका विद्यापीठात एक जंगल होतं. कारण जंगल संपलं तरी विद्यापीठ संपत नसे. पूर्वेच्या दारातून आत शिरलेलं कासव पश्चिमेच्या दारातून बाहेर पडेपर्यंत अभ्यासक्रम बदललेला असे.

त्याचं नाव सर्वप्राणी विद्यापीठ. ते सरकारी होतं. म्हणजे सगळ्यांचं होतं, आणि म्हणून त्याची काळजी कुणालाच नव्हती. फी म्हणून गवताची एक पेंढी द्यावी लागे. ज्याच्याकडे पेंढी नसे त्याने गवत कुठे उगवलंय ते दाखवलं तरी चाले.

त्याच जंगलात एक तळं होतं. तळ्याच्या मधोमध एक बेट, आणि बेटावर राजहंस गुरुकुल. तिथे विद्यार्थी मोजकेच. प्राचार्य राजहंस रोज सकाळी प्रत्येकाला नावाने हाक मारून विचारत, "काल झोप लागली ना, बाळ?" तिथली फी कुणी मोठ्याने सांगत नसे. पण ज्या घरचं पोर गुरुकुलात जाई, त्या घरची म्हातारी मंडळीसुद्धा भर उन्हात कंदमुळं उकरताना दिसत.

जंगलाच्या टोकाला काटेटेकडी होती. तिथे साळिंदरं राहत. साळिंदराला त्या भागात साळू म्हणतात. हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला.

टेकडीवर सगुणा नावाची एक साळू होती. वयाने लहान, स्वभावाने लाजरी. घाबरली की तिचे काटे उभे राहत, आणि ती बऱ्याचदा घाबरे. टेकडी इतकी छोटी होती, की सगुणा इकडे शिंकली की पलीकडच्या बिळातून काढा येई.

एक दिवस तिची मावशी आली. बसता बसताच म्हणाली, "आमचा भार्गव गुरुकुलात चाललाय. आमच्या भार्गवला गर्दी सोसत नाही."

सगुणाची आई म्हणाली, "आम्हाला फी सोसत नाही. तेव्हा आमची गर्दीत जाईल."

सगुणाला कुणी विचारलं नाही. तिचे काटे उभे राहिले, पण ते सगळ्यांना सवयीचे होते.

सर्वप्राणी विद्यापीठात पहिल्या दिवशी प्रवेशाची रांग लागली. टेकडीवर सगुणा चालू लागली की सगळे बाजूला होत. इथे कुणी झालं नाही. एका रानडुकराला तिचा काटा टोचला, तर तो म्हणाला, "ढकलू नका, मागे जागा आहे." आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी घाबरलं नाही. तिला बरं वाटलं, आणि लगेच एकटंही वाटलं.

खिडकीत घोरपडबाई बसल्या होत्या. त्या खिडकीला इतकी वर्षं चिकटून होत्या, की खिडकी आधी आली की बाई, हे कुलगुरूंनाही सांगता येत नसे.

"नाव?"

"सगुणा."

"प्राणी कोणता?"

"साळू."

त्याच वेळी मागे रेटारेटी झाली. बाईंना 'साळू' एवढं ऐकू आलं. पुढचं त्यांनी अनुभवाने पूर्ण केलं. त्यांनी लिहिलं : साळुंकी. आणि सगुणाच्या हातात पान ठेवलं. पानावर लिहिलं होतं : पक्षी शाखा, उड्डाण विभाग.

सगुणा म्हणाली, "बाई, मला उडता येत नाही."

"म्हणून तर शिकायला आलीस. पुढचा."

"पण मी पक्षी नाही."

घोरपडबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग त्यांनी पानाकडे पाहिलं. आणि दोन्हींत पानावर विश्वास ठेवला.

"दुरुस्ती होते," त्या म्हणाल्या. "अर्ज करायचा. अर्ज समितीकडे जातो."

"समिती काय करते?"

"बसते."

"म्हणजे मी पक्षी नाही हे ठरवायला समिती बसवावी लागेल?"

"बसवणं सोपं आहे गं. उठवणं अवघड. अध्यक्ष घुबडराव आहेत, आणि सभा दुपारची असते."

सगुणाने अर्ज केला. आणि समिती उठेपर्यंत कुठेतरी बसायला हवं म्हणून ती उड्डाणाच्या वर्गात जाऊन बसली.

तो वर्ग एका कड्याखाली भरे. भोवती मोठी मोठी झाडं होती. फांद्याफांद्यांवर पोपट, कावळे, होले, बगळे, टिटव्या अशी ही गर्दी. कड्याच्या टोकावर गिधाडसर बसत. सर फार म्हातारे होते. मान उघडी, पाठ वाकलेली, पंखांचा रंग गेलेला. मुलं त्यांची नक्कल करत. सरांना ते दिसे. गिधाडाला सगळं दिसतं. पण ते काही बोलत नसत.

सरांचा आवाज मागच्या झाडांपर्यंत पोचत नसे. पुढचे मागच्यांना सांगत. सर म्हणत, "उतरताना घाई करू नका." चार फांद्या मागे ते "उतरताना काही खाऊ नका" असं होई. सगळ्यात मागे "उतरायला जागाच नाही" एवढं पोचे, आणि तिथले कावळे तास संपल्यावरही वरच बसून राहत.

सगुणा पहिले काही दिवस सगळ्यात मागे, एका झुडपाआड बसली. मग तिच्या लक्षात आलं, की सगळा वर्ग झाडांवर आहे आणि जमीन रिकामी आहे. ती सरकत सरकत कड्याच्या अगदी पायथ्याशी गेली. तिथे सरांचा शब्द न् शब्द ऐकू येई. अख्ख्या वर्गातली सगळ्यात चांगली जागा तिला मिळाली होती, कारण ती दुसऱ्या कुणाला नकोच होती.

सर वाऱ्याविषयी बोलत. तापलेल्या खडकावरून हवा कशी वर उचलते. ओढ्याजवळ ती कशी खाली बसते. गवताच्या शेंड्यावरून दूरचा वारा कसा ओळखावा. सगुणाला उडायचं नव्हतं, पण वारा तिला आवडू लागला. टेकडीवर वारा होताच. तो काय करतो हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळं छानच झालं. तसं नव्हतं, मुलांनो. तास संपला की सगळे भुर्रकन उडून जात आणि सगुणा खाली एकटी उरे. खानावळीत जेवण एकाच रंगाचं असे. एकदा तिला ताप आला. ती बरेच दिवस वर्गात गेली नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. तापातून उठून गेली तेव्हा पाटीवर तिची हजेरी पूर्ण लागलेली होती. यावर हसावं की रडावं हे तिला कळेना. तिने आधी रडून घेतलं.

त्यातच एक कावळा भार्गवचा निरोप घेऊन आला. "भार्गव म्हणतो, काल त्याला पडसं झालं होतं, तर प्राचार्यांनी स्वतः त्याला शेक दिला. तो विचारतोय, तुझे प्राचार्य कसे आहेत?"

सगुणाने अजून कुलगुरूंना पाहिलं नव्हतं. ते हत्ती आहेत असं तिने ऐकलं होतं. इतका मोठा प्राणी दिसू नये म्हणजे विद्यापीठ किती मोठं असेल. तिने निरोप पाठवला, "बरे आहेत."

आणि त्या दिवशी तिने ठरवलं, की आता घरी परत जायचं. फक्त जाण्यासाठीही घोरपडबाईंचा शिक्का लागत होता. म्हणून ती पुन्हा रांगेत उभी राहिली.

तिच्यापुढे एक साळुंकी उभी होती. पिवळे पाय, पिवळी चोच, पण सगळं अंग मातीने माखलेलं. चोचीचं टोक झिजलेलं. ती फार दमलेली दिसत होती.

सगुणाने विचारलं, "पडलीस का कुठे?"

"पडले नाही गं," साळुंकी म्हणाली. "मी कुंदा. बिळं खणते."

"साळुंकी बिळं खणते?"

"मी नाही खणत. माझा विभाग खणतो. ह्या बाईंनी मला साळू म्हणून घातलंय, खनन विभागात. तिथे डुक्करसर आहेत. ते म्हणतात, तुझ्यात जिद्द आहे पण पंजा नाही."

सगुणा तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "साळू मी आहे."

कुंदाने तिच्या काट्यांकडे पाहिलं. सगुणाने तिच्या पंखांकडे. आणि मग दोघी इतक्या हसल्या की रांग त्यांना सोडून पुढे गेली, आणि त्यांना पुन्हा शेवटी उभं राहावं लागलं. त्याचं दोघींना वाईट वाटलं नाही. बोलायला तेवढाच वेळ मिळाला. कुंदा दोन दऱ्या ओलांडून आली होती. तिच्या थव्यातून विद्यापीठात आलेली ती पहिलीच. ती नापास होऊन परतली असती, तर तिच्यामागून कुणाला पाठवलं नसतं.

खिडकीपाशी पोचल्यावर दोघी एकदमच बोलल्या. घोरपडबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे एक साळू आहे आणि एक साळुंकी आहे," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"आमच्याकडेही एक साळू आहे आणि एक साळुंकी आहे. हिशोब जुळला. चूक झालेलीच नाही." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली, कारण त्यांना जेवायला जायचं होतं.

सगुणा घरी जायचा शिक्का मागायलाच विसरली. पुढे तिला तो मागावासाही वाटला नाही.

तेव्हापासून तास संपला की दोघी भेटत. सगुणा कुंदाला माती कशी ओळखायची ते दाखवी. कुठे मऊ लागते, कुठे खडक, कुठे आधी कुणीतरी उकरून ठेवलेलं असतं. कुंदा तिला वरून दिसलेलं सांगे. टेकड्यांच्या पलीकडे काय आहे, ढग कुठे जमलेत, खानावळीत आज कोणता रंग आहे. सगुणा टेकडीवर कधीच कुणाशी इतकं बोलली नव्हती. टेकडीवर सगळ्यांना सगळं माहीत असे, त्यामुळे सांगायला काही उरतच नसे.

परीक्षा जवळ आली तेव्हा समिती उठली. घुबडरावांनी निर्णय दिला. निर्णय असा : "अर्जदाराच्या अंगावर जे आहे त्याला काही लोक काटे म्हणतात, काही पिसं म्हणतात. समिती या वादात पडू इच्छित नाही. अर्जदार पक्षी आहे की नाही, हे प्रात्यक्षिक परीक्षेत कळेलच. उडाल्यास पक्षी. न उडाल्यास नापास."

कुंदानेही अर्ज केला होता, त्यावर तोच निर्णय होता. फक्त 'उडाल्यास'च्या जागी 'खणल्यास' होतं.

नापास झाल्यास घरी जावं लागणार होतं. आता मात्र दोघींना जायचं नव्हतं.

कुंदा म्हणाली, "सोपं आहे. तुझं नाव पुकारलं की मी उडते. माझं पुकारलं की तू खण. इथे कोण कुणाला ओळखतं?"

सगुणाने विचार केला. टेकडीवर असं काही चाललंच नसतं. तिथे तिच्या शिंकेवरूनसुद्धा तिला ओळखत. पण हे विद्यापीठ होतं. आणि विद्यापीठाने स्वतःच जी अदलाबदल केली होती, तीच त्या उलटवणार होत्या. ती म्हणाली, "बरं."

उड्डाणाच्या परीक्षेला कड्याखाली तोबा गर्दी होती. गिधाडसर यादीतली नावं पुकारत आणि एकेक पक्षी उडून दाखवी. "सगुणा साळुंकी," सर म्हणाले. सगुणा झुडपाआड दबून बसली. कुंदा उडाली. सुंदर उडाली. कड्याला वळसा घालून, एक गिरकी घेऊन, अलगद सरांसमोर उतरली.

"छान," सर म्हणाले. "पण तू माझ्या वर्गात नव्हतीस."

कुंदाची मान खाली गेली.

"माझ्या वर्गात पुष्कळ पोरं आहेत," सर म्हणाले. "मला एकाचंही नाव माहीत नाही. कुणी कळवत नाही, आणि कळवलं तर लक्षात राहत नाही. पण सगळी पोरं झाडांवर बसतात. एकच खाली बसते. इतकी वर्षं शिकवतोय, खाली बसलेली एकच पाहिली. ती त्या झुडपाआड आहे. तिचे काटे वर आलेत."

सगुणा बाहेर आली. वर्गभर कुजबुज झाली. चार फांद्या मागे काय पोचलं कोण जाणे.

"सर, आम्ही फसवलं," सगुणा म्हणाली.

"नीट जमलं नाही. त्याचा विभाग आपल्याकडे अजून निघालेला नाही." सर थोडे पुढे वाकले. "साळिंदर उड्डाणाच्या वर्गात का बसतं, हे मी तुला कधी विचारलं नाही. मला वाटलं, तुला वारा आवडत असेल."

सगुणा म्हणाली, "आधी आवडत नव्हता, सर."

"मग सांग. आत्ता ह्या कड्यावरून उडायचं तर कुठून?"

सगुणाने वर पाहिलं. डावीकडचा खडक सकाळपासून उन्हात होता. त्याच्या माथ्यावरचं गवत वरच्या अंगाला झुकत होतं. उजवीकडे ओढ्याची सावली होती.

"डावीकडून," ती म्हणाली. "तिथली हवा वर उचलतेय. उजवीकडून गेलं तर ओढ्यात पडायला होईल."

 सर चालत चालत कड्याच्या डाव्या टोकाला गेले. त्यांनी पंख उघडले. वर्गातल्या माना एकदम वर झाल्या, कारण आताच्या मुलांपैकी कुणीच सरांना उडताना पाहिलं नव्हतं. सर फक्त शिकवतात, अशी सगळ्यांची समजूत होती.

सरांनी पाय सोडले. क्षणभर ते खाली गेले. मग तापल्या खडकावरची हवा त्यांच्या पंखांखाली भरली आणि ते पंख न हलवता वर, आणखी वर गेले. म्हातारी मान, वाकलेली पाठ, काही काही दिसेना. फक्त एवढे मोठे पंख. ज्या पोपटांनी त्यांची नक्कल केली होती ते फांद्या घट्ट धरून बसले.

बऱ्याच वेळाने सर खाली आले. त्यांना धाप लागली होती.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "आता प्रात्यक्षिक."

सगुणा म्हणाली, "सर, ते मला नाही येणार."

"नियम काय म्हणतो? परीक्षार्थीने जमीन सोडावी, आणि आपल्या पायांवर सुखरूप परत यावं. किती उंच जावं ते नियमात नाही. मी पुष्कळदा वाचलाय."

कड्याखाली एक कोरडी घळ होती. फार रुंद नव्हती, पण साळिंदरं उड्या मारत नाहीत. सगुणा मागे गेली. पळत आली. सगळे काटे उभे राहिले आणि तिने घळीवरून उडी टाकली. पलीकडे ती तोंडावर आपटली. मग उठली. पायांवर उभी राहिली.

"सुखरूप," सर म्हणाले. "पुढचा."

कुंदाची परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली. तिने सकाळभर टोचून टोचून एक भोक पाडलं. डुक्करसरांनी ते नाकाने हुंगलं. "हे कुणासाठी?" त्यांनी विचारलं. कुंदा म्हणाली, "मुंगीसाठी." डुक्करसर म्हणाले, "मुंगीला समोर ठेवून खणणारा विद्यार्थी मी पहिल्यांदा पाहतोय." आणि ती पास झाली.

पुढची वर्षंही अशीच गेली. शेवटी पदवीदान झालं तेव्हा कुलगुरू एकदाचे दिसले. ते खरोखरच हत्ती होते. गर्दी इतकी होती की ते सोंडेने पदव्या उधळत आणि ज्याने त्याने आपली झेलावी. सगुणाला झेलावी लागली नाही. पदवी तिच्या काट्यांत येऊन अडकली. दुसऱ्यांच्याही काही अडकल्या, त्या तिने परत केल्या.

सगुणा टेकडीवर आली. आजोबांनी विचारलं, "काय शिकलीस?"

"उड्डाण."

 आजोबांनी आभाळाकडे पाहिलं, मग नातीकडे पाहिलं, आणि समजूतदारपणे म्हणाले, "असू दे. तिथलं जेवण बरं होतं ना?"

सगुणाने वाऱ्याचा अंदाज घेऊन सगळ्यांना बिळांची तोंडं फिरवायला सांगितली. सगळ्यांनी ती फिरवली, आणि त्या हिवाळ्यात कुणाला थंडी वाजली नाही. टेकडीवर सगळे म्हणाले, "यंदा थंडी कमीच होती."

भार्गवही परतला होता. तो फार गोड बोले. "आपली हरकत नसेल तर" असं म्हटल्याशिवाय तो कंदसुद्धा खात नसे. पण पाणवठ्यावर गर्दी झाली की तो बाजूला उभा राही. त्याला वाटे, आता कुणी नावाने बोलावील. कुणी बोलावत नसे आणि तो तहानलेला परते. एकदा सगुणाने त्याला धरून दोन सांबरांच्या मधून आत ढकललं.

पाणी पिऊन झाल्यावर भार्गव म्हणाला, "हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवलं नाही कुणी. सोडून दिलं होतं."

 भार्गवला आपल्या प्राचार्यांची आठवण आली. त्याच्या वाढदिवसाला अजूनही बेटावरून कमळ येई. सगुणाला विद्यापीठातून काही येत नसे. कुंदा मात्र महिन्यातून एकदा दोन दऱ्या ओलांडून येई आणि दारात बसून संध्याकाळपर्यंत बोले.

एक दिवस शेजारच्या भामाकाकू आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचं नाव तुळसा. काकूंनी सगुणा आणि भार्गव दोघांनाही समोर बसवलं. "तुम्ही दोघं शिकून आलात," त्या म्हणाल्या. "खरं सांगा. हिला कुठे घालू?"

भार्गव म्हणाला, "काकू, सर्वप्राणी विद्यापीठात घाला."

सगुणा त्याच वेळी म्हणाली, "गुरुकुलात घाला, काकू."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तिथे हिला ताप आला तर कुणाला कळेल तरी," सगुणा म्हणाली. "आमच्याकडे मी आजारी असताना हजर होते."

"आणि आमच्याकडे मला कधी धड आजारीही पडता आलं नाही," भार्गव म्हणाला. "शिंक यायच्या आधी रुमाल हजर. इतके सगळे आपल्याकडे बघत असले की आपल्याला दुसरं काही दिसत नाही, काकू. मला तिथे एकही साळुंकी भेटली नाही."

"पण साळुंकी भेटेपर्यंत मी किती रडले ते तू पाहिलं नाहीस."

"रडायला मोकळी जागा तरी होती तुला."

भामाकाकूंना काही उलगडेना. तुळसा आळीपाळीने दोघांकडे पाहत होती.

टेकडीच्या पायथ्याशी तरसआप्पा राहत. त्यांचा जुन्या हाडांचा धंदा होता, आणि त्यांचा चेहरा कायम हसरा असे. ते तिथून चालले होते. ते थांबले आणि त्यांनी सगळं मन लावून ऐकलं.

"म्हणजे मला समजलं ते असं," आप्पा म्हणाले. "विद्यापीठाकडे गर्दी आहे. बरोबर?"

"हो, आप्पा."

"आणि गुरुकुलाकडे फी."

"हो."

"मग ही दोन्ही एकाच ठिकाणी का नसावीत?"

त्या हंगामात टेकडीच्या पायथ्याशी एक भव्य कमान उभी राहिली. कमानीवर लिहिलं होतं : तरसआप्पा गुरुकुल विद्यापीठ. कमानीच्या मागे मोकळं माळरान होतं. इमारत पुढे होणार होती. जंगलभरातून पालक आले. भार्गवला कमानीत उभं केलं होतं. तो प्रत्येकाला नावाने हाक मारून विचारी, "काल झोप लागली ना, बाळ?" हा प्रश्न फक्त प्रवेशाच्या दिवशी विचारायचा होता.

सगुणालाही आप्पांनी नेमलं. तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवलं तर कंद, सुट्टी असली तर उपास. तिने आधी नाही म्हटलं. मग भामाकाकू तुळसाला घेऊन आत शिरताना दिसल्या, आणि ती हो म्हणाली.

तुळसाने आप्पांना विचारलं, "आप्पा, इथे काय शिकवतात?"

आप्पा हसले. तसे ते हसतच होते. "ते पदवी मिळाल्यावर कळतं, बाळ," ते म्हणाले आणि पुढच्या पालकाकडे वळले.

ऊन फार झालं होतं. सगुणाने तुळसाला आणि तिच्यासारख्या आणखी काही गोंधळलेल्या पोरांना हाताला धरून कमानीच्या सावलीत आणलं, आणि तिथेच पहिला तास घेतला. सगळी पोरं त्या सावलीत मावली. कमान खरोखरच भव्य होती.

तात्पर्य : मोठ्या विद्यापीठात शिकावं की छोट्या गुरुकुलात, हा प्रश्न ज्यांना पडतो, ते शिकतात. ज्यांना पडत नाही, ते संस्था काढतात.